वजनदार ताऱ्यांचा वारा: पाणी नेमकं कुठे मुरतंय?

तुमच्या प्रश्नाचे मला तीन भाग दिसले. वजनदार तारे भोवतालच्या ढगांत नवे तारे घडवतात की ढगच उधळून लावतात? हे ठरवायला क्ष-किरण दुर्बीण कशाला हवी, हबल आणि जेम्स वेब पुरत नाहीत का? आणि एमएस्सीच्या प्रकल्पात यातलं काय झेपेल? मी बरीच वर्षं याच कामात आहे. थोडं लांबेल, पण प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून नीट उत्तर देतो.

आधी थोडक्यात. घडवणं आणि उधळणं दोन्ही होतं, आणि बहुतेक ठिकाणी एकाच वेळी होतं. क्ष-किरणांशिवाय या सगळ्या प्रकारातल्या दोन गोष्टी हातातून निसटतात. एक म्हणजे भोवतीची धुळीची तबकडी गमावलेले तरुण तारे. दुसरी म्हणजे लाखो ते कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू, म्हणजे वजनदार ताऱ्यांच्या वाऱ्याने (त्यांच्या पृष्ठभागावरून वेगाने सुटणाऱ्या वायूने) मागे ठेवलेली खूण. माझ्या मते या क्षेत्रातला खरा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीत आहे. वारा जेवढी ऊर्जा ओततो त्यातली फारच थोडी आपल्याला सापडते. बाकीची कुठे मुरते हे कळल्याशिवाय तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही.

ताऱ्यांपासून सुरू करू, ते सोपं आहे. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली साध्या डोळ्यांनाही एक धुरकट ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर. जानेवारी २००३ मध्ये नासाची चंद्रा ही अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण या एकाच जागेकडे जवळजवळ तेरा दिवस रोखून ठेवली होती. त्यातला प्रत्यक्ष निरीक्षणाचा वेळ ८ लाख ३८ हजार सेकंद. त्यातून १,६१६ क्ष-किरण स्रोत सापडले. त्यातले बहुतेक सूर्यासारखे किंवा सूर्याहून हलके, जेमतेम दहा-वीस लाख वर्षं वयाचे तारे होते. या वयात ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रं इतकी खवळलेली असतात की क्ष-किरणांत ते आजच्या सूर्याच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त तेजस्वी असतात.

जेम्स वेबसारख्या अवरक्त दुर्बिणीला तरुण तारा ओळखू येतो तो त्याच्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीमुळे. तबकडी गेली की तो मागच्या-पुढच्या हजारो सामान्य ताऱ्यांच्या गर्दीत मिसळून जातो. क्ष-किरणांत मात्र तो तबकडी गेल्यावरही लखलखत राहतो, आणि मधल्या म्हाताऱ्या ताऱ्यांचा गोंगाट क्ष-किरणांत फारसा नसतो. म्हणून एखाद्या प्रदेशात एकूण किती तारे जन्मले याची खानेसुमारी करायची तर अवरक्त आणि क्ष-किरण दोन्ही याद्या एकत्र लावाव्या लागतात. एकच यादी घेतली की वयांचा हिशेब बिघडतो आणि मग वजनदार ताऱ्याने काय केलं याबद्दलचे निष्कर्षही बिघडतात.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते दाखवतो. चंद्राची फाइल उघडली की आत चित्र नसतं, यादी असते. एकेक ओळ म्हणजे एकेक फोटॉन: कधी आला, कॅमेऱ्याच्या कुठल्या पिक्सेलवर पडला, किती ऊर्जेचा होता. चित्र आपण त्या यादीतून बनवतो. समजा एक लाख सेकंदांच्या, म्हणजे साधारण अठ्ठावीस तासांच्या निरीक्षणात एका जागी सहा फोटॉन पडलेत. सहाच. पण ते दीड-दोन पिक्सेलांच्या आत आहेत आणि आजूबाजूच्या तेवढ्याच जागेत पार्श्वभूमीचा अर्धा फोटॉनही अपेक्षित नाही, तर तिथे स्रोत आहे असं म्हणता येतं. आता त्या सहांच्या ऊर्जा पाहायच्या. सगळे दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) वरचे असतील तर कमी ऊर्जेचे मऊ किरण वाटेतल्या वायू-धुळीने गिळले आहेत, म्हणजे तारा ढगात खोल बसलाय किंवा ढगामागे आहे. नुसत्या त्या सहांच्या मध्यक ऊर्जेवरून तो किती खोल आहे याचा बरा अंदाज बांधता येतो. सहा फोटॉनांत एक तारा आणि त्याच्यावरचं पांघरूण दोन्ही कळतात. हे काम मी असंख्य वेळा केलंय, तरी दर वेळी आनंद होतो.

हे जमतं कारण चंद्राची नजर अर्ध्या आर्कसेकंदाइतकी बारीक आहे (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). १९९९ साली उडालेल्या या दुर्बिणीची बरोबरी या एका बाबतीत आजवर दुसऱ्या कुठल्याही क्ष-किरण दुर्बिणीने केलेली नाही. तिचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलंय हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आणि इथेच पहिली मोठी फसगत होते. आपल्याला वायू पाहायचाय, तर आधी तारे पुसावे लागतात. सापडलेला प्रत्येक तारा त्याच्या प्रकाशाच्या पसाऱ्यासकट कापून काढायचा आणि उरलेल्या भोकाभोकांच्या चित्रातून विखुरलेल्या वायूचा प्रकाश मोजायचा. पण जे तारे इतके मंद आहेत की त्यांचा एखाद-दुसराच फोटॉन आला, ते पुसले जात नाहीत. असे शेकडो तारे मिळून हुबेहूब धुक्यासारखे दिसतात. मी सुरुवातीच्या काळात ताऱ्यांच्या एका समूहाच्या मध्यावरचं असं धुकं गरम वायू समजून दोन महिने त्याचा दाब काढत बसलो होतो. वर्णपटात, म्हणजे कुठल्या ऊर्जेचा प्रकाश किती याच्या आलेखात, दोन-तीन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा कठीण (जास्त ऊर्जेचा) भाग ठसठशीत होता आणि धुक्याचा आकार अवरक्तातल्या ताऱ्यांच्या दाटीशी तंतोतंत जुळत होता. ही दोन्ही लक्षणं ताऱ्यांची आहेत. तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे: समूहाच्या गाभ्यातल्या धुक्यावर विश्वास ठेवायचा नाही, गाभ्यापासून दूर, जिथे तारे विरळ आहेत आणि तरी प्रकाश आहे, तिथे वायू शोधायचा. वर्णपट बसवताना न सापडलेल्या ताऱ्यांसाठी वेगळा घटक ठेवायचा. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या लीसा टाउन्सली, पॅट्रिक ब्रूस यांच्या गटाने ही पद्धत घासूनपुसून पक्की केली आहे. त्यांचे शोधनिबंध वाचा, विशेषतः परिशिष्टं.

आता वारा. मृगातल्या तेजोमेघाच्या मध्यावर चार ताऱ्यांचा झुबका आहे, त्यातला सर्वांत तेजस्वी थीटा-१ ओरायनिस सी. त्याच्या पृष्ठभागावरून सेकंदाला सुमारे २,५०० किलोमीटर वेगाने वारा सुटतो आणि दर सात-आठ वर्षांत पृथ्वीएवढं वस्तुमान बाहेर फेकतो. या वाऱ्याची शक्ती काढली तर ती सूर्याच्या एकूण प्रकाशाच्या सुमारे दोनशे पट भरते, आणि ही फक्त वाऱ्याची. ताऱ्याचा प्रकाश वेगळा. एवढा वेगवान वारा भोवतालच्या वायूवर आदळून थबकला तर धक्कालहरीमागे तापमान आठ-नऊ कोटी अंश व्हायला हवं. तापमान वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. १,००० किलोमीटर वेगाला सुमारे दीड कोटी अंश हा आकडा लक्षात ठेवला की बाकीचं तोंडी काढता येतं.

१९७७ मध्ये वीव्हर, मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी याचं व्यवस्थित गणित मांडलं: ताऱ्याभोवती गरम वायूचा फुगा, त्याच्याभोवती ढकलून गोळा झालेल्या थंड वायूचं कवच. अडचण अशी की दुर्बिणींतून पाहिल्यावर बहुतेक फुगे या गणिताने सांगितलेल्या तेजापेक्षा खूपच मंद निघाले.

मृगातल्याच तेजोमेघात हा गरम वायू सापडायला २००८ साल उजाडलं. मानुएल ग्युडेल आणि सहकाऱ्यांनी युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा तेजस्वी भागाच्या बाजूची मोठी पोकळी या वायूने भरलेली दिसली. तापमान सुमारे वीस लाख अंश. आठ कोटी नव्हे. आणि त्याचं क्ष-किरण तेज वाऱ्याच्या शक्तीच्या दहा हजारांश भागाहूनही कमी.

इथे घाई करून निष्कर्ष काढू नका. तेज कमी म्हणजे ऊर्जा हरवली असं लगेच म्हणता येत नाही. इतका विरळ आणि गरम वायू स्वतःहून थंड व्हायलाच लाखो वर्षं घेतो, त्यामुळे तो मंद असणारच. योग्य हिशेब वेगळा आहे: वर्णपटातून तापमान घ्यायचं, तेजातून घनता काढायची, दोन्हींवरून वायूत साठलेली ऊर्जा काढायची आणि ती वाऱ्याने ताऱ्याच्या आयुष्यात ओतलेल्या एकूण ऊर्जेशी ताडून पाहायची. असा हिशेब अनेक समूहांवर झालाय आणि तूट तरीही उरते. पण या हिशेबात एक नाजूक जागा आहे. क्ष-किरण तेज घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलतं. आपण मोजतो ती घनतेच्या वर्गाची आणि आकारमानाची गुंतवळ, आणि वायू किती जागेत आहे हे आपल्यालाच ठरवावं लागतं. पोकळी पूर्ण भरलेली धरली तर एक घनता. तोच वायू फक्त कडांना चिकटलेला धरला तर घनता आणि दाब दोन्ही जास्त. एखाद्या निबंधात गरम वायूच्या दाबाचा आकडा दिसला की हे आकारमान कसं धरलंय ते आधी शोधा.

मग पाणी कुठे मुरतंय? मला पटणारी कारणं दोन आहेत.

पहिलं, फुग्याला भोकं असतात. धनू राशीतला एम-१७ तेजोमेघ याचा नमुना. चंद्राच्या चित्रात गरम वायू समूहाभोवती कोंडलेला दिसत नाही. ढगाला ज्या बाजूने तोंड आहे तिकडे तो लोटाप्रमाणे वाहतो. ढग कधीच एकसंध नसतो. जिथे विरळ जागा मिळेल तिथून वायू निसटतो आणि दाब फारसा वाढतच नाही.

दुसरं, कडांवरची घुसळण. गरम वायू आणि थंड कवच यांच्यामधली सीमा गुळगुळीत नसते; ती चुरगळलेली, वेटोळ्यांची असते, आणि तिथे दोन्ही वायू एकमेकांत मिसळतात. मिसळलेला वायू मधल्या तापमानाचा होतो आणि मधल्या तापमानाचा वायू झपाट्याने ऊर्जा बाहेर टाकतो, तीही क्ष-किरणांत न टाकता अतिनील आणि दृश्य प्रकाशात. २०२१ मध्ये लॅकलन लँकॅस्टर, ईव्ह ऑस्ट्रायकर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर दाखवलं की वाऱ्याच्या ऊर्जेतला फार मोठा भाग असाच या सीमेवर खर्च होऊ शकतो. मला स्वतःला हे कारण भोकांपेक्षा अधिक सर्वसाधारण वाटतं, कारण भोकं नसलेल्या फुग्यातही सीमा असतेच.

सीमेवर काहीतरी चाललंय याचा एक क्ष-किरण पुरावाही आहे, आणि तो मिळाला दक्षिण आकाशातल्या करीना तेजोमेघात, सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवर. चंद्राने तिथे एकूण १२ लाख सेकंद पाहिलं. २०११ मध्ये निकाल आले तेव्हा १४ हजारांहून जास्त स्रोतांची यादी तर होतीच, पण विखुरलेल्या वायूच्या वर्णपटात नेहमीच्या गरम प्लाझ्माशी (आयनित वायूशी) न जुळणारे जादा प्रकाशाचे उंचवटेही होते. टाउन्सली यांच्या गटाने सुचवलं की गरम प्लाझ्मातले आयन थंड ढगातल्या अणूंकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात तेव्हा हा प्रकाश निघत असावा. धूमकेतूंवर सौरवारा आदळतो तेव्हा हीच प्रक्रिया घडताना आपण पाहिली आहे. करीनात ही गोष्ट अजून पक्की सिद्ध झालेली नाही, कारण चंद्राच्या कॅमेऱ्याचं ऊर्जा-विभेदन, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता, त्या रेषा सुट्या करायला पुरेसं नाही. पण खरी ठरली तर गरम आणि थंड वायू जिथे भेटतात त्या पापुद्र्याचं ते थेट दर्शन असेल.

करीना आणखी एका बाबतीत सावध करतं. तिथला सगळाच गरम वायू वाऱ्याचा असेलच असं नाही. त्या दिशेला एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटात मेलेल्या वजनदार ताऱ्याचा उरलेला गाभा, सापडलाय आणि काही समूहांत अपेक्षेपेक्षा कमी वजनदार तारे उरलेत. म्हणजे एक-दोन तारे सुपरनोव्हा होऊन (स्फोट होऊन) गेले असण्याची दाट शक्यता आहे. सुपरनोव्हाचा वायू आणि वाऱ्याचा वायू क्ष-किरणांत बरेच सारखे दिसतात. म्हणून शुद्ध वाऱ्याचा अभ्यास करायचा तर इतका तरुण प्रदेश निवडावा की तिथे अजून कुणी मेलेलं नाही. मृग आणि एम-१७ त्यासाठी चांगले.

वाऱ्यात अजिबातच दम नाही असंही समजू नका. २०१९ मध्ये कॉर्नेलिया पाब्स्ट आणि सहकाऱ्यांनी विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीने आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा मोजली आणि मृगातल्या त्याच पोकळीभोवतीचं कवच सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने फुगताना दाखवलं. ग्युडेल यांना दिसलेला गरम वायू आणि पाब्स्ट यांना दिसलेलं कवच एकमेकांत बरोबर बसतात. त्यांच्या हिशेबाने हे कवच ढकलण्याचं मुख्य काम वाऱ्याचंच आहे. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत सुंदर निकाल आहे: एकाने फुग्यातली हवा पाहिली, दुसऱ्याने रबर.

पण हाच निकाल सगळीकडे लागू पडत नाही. मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या थर्टी डोरॅडस या ताऱ्यांच्या जन्मप्रदेशाबद्दल २०११ मध्ये लॉरा लोपेझ आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की मधल्या समूहाजवळ प्रकाशाचा दाब वरचढ आहे, बाहेर दहा हजार अंशांच्या आयनित वायूचा, आणि क्ष-किरण वायू दोन्हीकडे दुबळा. त्याच वर्षी एरिक पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रदेश पाहून प्रकाशाच्या दाबाला बरंच कमी महत्त्व दिलं आणि गरम वायूला जास्त. दोन्ही गट जाणकार. फरक पडला तो दाबाची व्याख्या आणि वर सांगितलेलं ते आकारमान कसं धरलं यामुळे. पुढे २०१४ ते २०१६ या काळात चंद्राने तिथे २० लाख सेकंदांचं निरीक्षण केलं. त्याचा एक अनपेक्षित लाभ म्हणजे मेल्निक-३४ ही जोडी. दर १५५ दिवसांनी तिच्या क्ष-किरणांत चढउतार होतो. प्रत्येकी शंभर सूर्यांहून जड अशा दोन ताऱ्यांचे वारे एकमेकांवर आपटतात.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे, घडवणं की उधळणं. गरुड तेजोमेघातले वायू-धुळीचे ते प्रसिद्ध खांब सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या पृष्ठभागावरच्या छोट्या गुठळ्यांत नवे तारे उबताहेत असं खूप लिहिलं गेलं. चंद्राने त्या प्रदेशात हजारावर स्रोत टिपले, पण त्या गुठळ्यांत एकही नाही. म्हणजे तिथे तारे नाहीत, किंवा क्ष-किरण टाकण्याइतके ते अजून वाढलेले नाहीत. चित्र देखणं आहे म्हणून त्याला पुरावा म्हणू नका. उलट सेफियस बी या ढगात कॉन्स्टंटिन गेटमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की वजनदार ताऱ्याकडून ढगाच्या आत जाल तसे तारे अधिकाधिक तरुण होत जातात आणि तबकड्या असलेल्यांचं प्रमाण वाढत जातं. ताऱ्याच्या प्रकाशाने ढग दाबत दाबत तारे घडत गेले, याचा इतका सरळ पुरावा दुर्मीळ आहे, आणि तो अवरक्त व क्ष-किरण याद्या एकत्र केल्यामुळेच मिळाला. याच गटाने २०१४ मध्ये मृगातल्या दोन समूहांत गाभ्यातले तारे कडेच्या ताऱ्यांपेक्षा तरुण असल्याचं दाखवलं. वजनदार तारे गाभ्यात बसलेले असताना तिथलाच जन्मदर आधी थांबायला हवा होता, असं साध्या चित्रातून वाटतं. तसं झालेलं नाही.

ग्रहांबद्दल एवढंच: हंसातल्या सिग्नस ओबी-२ समूहात वजनदार ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाच्या जवळ राहणाऱ्या ताऱ्यांत तबकड्यांचं प्रमाण ठळकपणे कमी आढळलंय. उधळणं फक्त ढगापुरतं थांबत नाही.

आता प्रकल्प. चंद्राचा जुना सगळा डेटा मोफत उपलब्ध आहे आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. सीआयएओ हे सॉफ्टवेअर, चित्रासाठी डीएस-९ आणि वर्णपटासाठी एक्सस्पेक किंवा शेर्पा, एवढं साध्या लॅपटॉपवर चालतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: चंद्राच्या कॅमेऱ्यासमोरच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं एक थर साचत गेलाय आणि मऊ क्ष-किरण आता फार कमी पोचतात. विखुरलेला वायू मऊ किरणांतच जास्त चमकतो, म्हणून या कामाला २०००च्या दशकातली सुरुवातीची निरीक्षणंच घ्या. नवं ते चांगलं हा नियम इथे उलटा आहे.

आपल्याकडच्या साधनांबद्दलही थोडं सांगतो. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची मऊ क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली, पण तिची नजर आर्कमिनिटांतली आहे. दाट समूहातले तारे ती सुटे करू शकणार नाही. ताऱ्यांची एकटी तेजस्वी जोडी वर्षानुवर्षं पाहायची तर ती उपयोगी. या विषयाला आपली खरी भर पडू शकते ती नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडून. वाऱ्यांच्या धडकेत इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात आणि कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींत चमकतात. ऊर्जेचा एक वाटा तिकडे जातो. जीएमआरटीने सिग्नस प्रदेश ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्‌झवर पाहिलेला आहे.

सुरुवात एम-१७ पासून करा. २००२चं निरीक्षण उतरवून घ्या, स्रोत शोधा, पुसा, आणि उरलेल्या प्रकाशाचे दोन वर्णपट काढा: एक समूहाजवळचा, एक ढगाच्या तोंडाबाहेरचा. दोन्हींत तापमान किती निघतं ते लिहून ठेवा, आकारमान दोन वेगवेगळ्या प्रकारे धरून दाब काढा आणि दोन उत्तरांत किती पट फरक पडतो ते मला कळवा. पुढचं त्या आकड्यांवरून ठरवू.